उलट्या हाताचे मास्तर

मशिनीला अहो आणि माणसाला अरे म्हणणारा इसम मी उभ्या जन्मात एकच पाहिला. आमचे मास्तर. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाय. नोकरीभर रेकॉर्डिंगच्या खोलीत काचेमागं बसून दुसऱ्यांचे आवाज सांभाळले, एवढंच. पण दिसंल त्याची चूक काढायची खोड अशी, की अख्खा औरंगपुरा त्यांना मास्तर म्हणायचा. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. तरी सांगतो, माझ्याएवढं त्यांना कुणी ओळखलं नसंल, कारण माझ्याएवढं त्यांच्याशी कुणी भांडलं नाय.

रिटायर झाल्यावर ते घरीच जुन्या मशिनी दुरुस्त करायचे. कुणी बिघडलेला अँप्लिफायर घेऊन आला की त्याला टेबलावर ठेवायचे, चष्मा पुसायचे आणि अदबीनं विचारायचे, "काय होतंय आपल्याला? कधीपासून?" तो आणणारा मधीच बोलायला लागला की त्याच्यावर खेकसायचे, "तू गप रे. त्यांना बोलू दे."

हेडफोन ते जेवणाच्या डब्यात ठेवायचे, धोतराच्या फडक्यात गुंडाळून. कुठं मशीन बघायला निघाले की हातात तो डबा. लोकांना वाटायचं, बामण परक्या घरचं खात नाय म्हणून डबा घेऊन हिंडतो. ते खातही नव्हते म्हणा. चहासुद्धा घेत नसत. म्हणायचे, "चहा पोटात गेला की मालकाची मशीन गोड वाटायला लागते. आधी निकाल, मग चहा."

मशीन पारखायची तऱ्हाही उलटी. दुसरे लोक गाणं लावून बघतात. मास्तर म्हणायचे, "गाणं नंतर. आधी ह्यांचं गप्प ऐकवा." काही न जोडता मशीन चालू करायची, सगळे आवाज पार वर न्यायचे आणि डोळे मिटून बसायचं. खोलीत कुणी खाकरलं तरी खपत नसे. चांगली मशीन गप्प बसते, वाईट मशीन काही काम नसताना बडबडते, असं त्यांचं म्हणणं. ते सांगताना माझ्याकडं कशाला बघायचे, ते मला ठाऊक हाय.

आणखी दोन खोडी होत्या, त्या मला बिलकुल पटत नसत. एक म्हणजे पायातली रबरी चप्पल ते कुणाच्या घरात काढत नसत. आमच्या घरी पहिल्यांदा आले तवा बायकोनं नुकतंच पुसून घेतलं होतं. ती म्हणाली, "भाऊजी, चपला तेवढ्या दाराशी..." तर म्हणाले, "वहिनी, देवाजवळ काढीन, विजेजवळ नाही." आणि आले की सरळ चपलेसकट आत!

दुसरी खोड हाताची. चालू मशिनीला सरळ हात म्हणून लावायचे नाय. आधी उजवा हात उलटा करायचा, बोटांची मागची बाजू हलकेच टेकवायची, मग पुढचं काम. मी चारचौघांत म्हणायचो, "झाली बगा पूजा. आता प्रसाद वाटा." ते हसायचे नाय, रागवायचेही नाय.

त्याच हाताची शेवटची दोन बोटं आत वळलेली होती, सरळ होत नसत. काय झालं विचारलं तर दर वेळी वेगळं. मला म्हणाले विंचू चावला. बायकोला सांगितलं, लहानपणी दारात चेंगरली. पोस्टमनला म्हणाले, लग्नात सासऱ्यानं हात दाबला तो असा.

आमची ओळख भांडणातूनच झाली. माझा धंदा लाऊडस्पीकरचा. मुकुंदवाडीत एका हळदीला मी दोन भोंगे बांधले होते. रस्त्यानं जाणारा एक सडपातळ माणूस सायकलवरून उतरला. मला वाटलं, आवाज कमी करा म्हणतोय. तर म्हणतो कसा, "अरे, तुझे दोन भोंगे एकमेकांशी भांडतायत. एकाची वायर उलटी आहे. एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो."

मी म्हणलं, "साहेब, ह्या भोंग्यांवर माझं घर चालतं. तुम्ही तुमची सायकल चालवा."

ते गेले. लोक जेवायला बसल्यावर मी हळूच शिडी लावली आणि एका भोंग्याची वायर उलटी करून बघितली. आवाज असा खुलला की मंडपातली माणसं वर बघायला लागली. पण मास्तरांना मी हे पुढं कितीतरी वर्षं सांगितलं नाय. कशापायी सांगू?

आता मुद्द्याचं. माझी बायको गाते. हळदीची, डोहाळजेवणाची, पाळण्याची गाणी. एक कागद नाय, सगळं डोक्यात. मुकुंदवाडीपासून शेंद्र्यापर्यंत कुणाची हळद असली की तिला बोलावणं यायचं. आताच्या हळदीत मोबाइलवरची गाणी वाजतात, तिला कुणी बोलवत नाय. तिनं कधी बोलून दाखवलं नाय, पण भाकरी थापताना गुणगुणायची, ते बंद झालं. मला ते सलायला लागलं. उभा जन्म मी परक्यांच्या आवाजाला भोंगे बांधले आणि घरच्या बाईचा आवाज एका टेपमध्ये सुद्धा नाय! धंदा बंद केला तवा मागची खोली रिकामी झाली होती. म्हणलं, तिथंच रेकॉर्डिंग करायचं. जुना अँप्लिफायर लावला, माइक लावला, तिला उभी केली.

दोन ओळी म्हणली आणि मागं सरली.

"माइक चावतोय," म्हणाली.

"माइक काय कुत्रं हाय का चावायला?"

"आवो, ओठाला मुंग्या येत्यात. खरंच."

"घाबरतीस तू. मंडपात शंभर बायांपुढं गाती आणि घरात नखरे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी केली, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, मला कामं हायेत. मी चारचौघांत सांगत सुटलो, की बाई म्हातारपणी लाजायला लागली. मनात म्हणलं, मशीनच जुनी झाली असंल. चांगली मशीन आणू, आवाज गोड ऐकू आला की आपोआप गाईल.

शहागंजातला दुकानदार म्हणाला, काका, लॅपटॉप घ्या, त्यात सगळं आलं. मी म्हणलं, त्यावरचं इंग्रजी तुझा बाप वाचणार का? मला मिक्सर पाहिजे जुन्या घडणीचा, लोखंडी पाठीचा, खंडीभर बटणांचा. प्रत्येक माइकचं बटण वेगळं, हाताला लागणारं. मला इंग्रजी अक्षर लागत नाय, पण बटण किती फिरलं हे अंधारात सांगतो. हे मास्तरांना सांगितलं तर पहिल्यांदाच माझ्यावर खूश झाले. म्हणाले, "बरोबर. तुझी बोटं शिकलेली आहेत. चल, शोधू."

पहिला मिक्सर सिटी चौकाजवळ, एका बंद पडलेल्या स्टुडिओत. चकचकीत, लाकडी कडांचा. मी तर मनातून घेऊनच टाकला होता. मालकानं चहा मागवला. मास्तरांनी कप बाजूला सरकवला, उलटा हात टेकवला, गप्प ऐकलं, मग वाकून जाळीपाशी नाक नेलं.

"आपल्याकडं उंदीर राहून गेलेत," मिक्सरला म्हणाले. मालकाकडं वळून, "आणि तू त्यांच्याकडून भाडं घेतलं नाहीस. आत तारा कुरतडल्यात रे. चल, उठ."

हे शेवटचं मला. मालकासमोर मला 'उठ' म्हणाले! खाली आल्यावर मी म्हणलं, "मास्तर, गाणार माझी बायको, ठेवणार मी माझ्या खोलीत, निवडीन पण मीच. तुम्ही घरी बसा." ते म्हणाले, "बसतो. पण गप्प ऐकल्याशिवाय घेऊ नकोस."

म्हणून मग मी एकटाच निघालो. सोबत माझा बोर्ड. लाकडी पाटावर पाच सॉकेट, वीस हात वायर, सगळी जोडणी माझ्या हाताची. परक्याच्या भिंतीतल्या विजेवर माझा भरवसा नाय. कुठंही गेलो की मशीन माझ्या बोर्डावरच लावायची, ही मिजास पहिल्यापासून.

दुसरा मिक्सर वेरूळच्या रस्त्यावर, एका रिसॉर्टच्या गोदामात. बोर्ड लावला, काही न जोडता सगळं वर नेलं. घुंऽऽऽ. गोमाशी कानात शिरावी तसा आवाज. म्हणलं, नको. तिसरा जालन्याला. मालक पूर्वी कॅसेटी भरायचा, आता पाइप आणि रंग विकतो. त्याचा मिक्सर सोळा माइकांचा, पोराबाळासारखा जपलेला, वर चादर. बोर्ड लावला. घुंऽऽऽ. तो बिचारा म्हणाला, "काका, खरं सांगतो, हा कधी असं करत नाही." मी म्हणलं, "विकणारे सगळे हेच म्हणतात," आणि बोर्ड गुंडाळला.

मग गेलो मास्तरांकडं, ताठ मानेनं. म्हणलं, तुमच्याशिवाय दोन मिक्सर पारखले, दोन्ही घुरघुरणारे निघाले, दोन्ही नाकारले. मला वाटलं शाबासकी मिळंल. ते डोळे मिटून बसले, मशीन ऐकताना बसायचे तसे.

"आवाज सारखाच होता दोन्हीचा?"

"डिट्टो."

"वेरूळ एकीकडं, जालना दुसरीकडं. दोन मशिनी, आजार एकच. म्हणजे अरे, आजार गाडीत बसून फिरतोय." डोळे उघडले. "लावलं कशावर होतंस?"

"माझ्या बोर्डावर."

मास्तर उठले, डबा घेतला. रिक्षा केली आणि आम्ही थेट आमच्या घरी.

बोर्ड मागच्या खोलीत जुन्या अँप्लिफायरला लावलेला होता. त्यांनी चपलेसकट आत जाऊन बटण दाबलं आणि उलटा हात अँप्लिफायरच्या पाठीला टेकवला. झिणझिणी लागताच हात झटकन मागं घेतला. मी म्हणलं, आज पूजा जोरात हाय. ते ऐकायला जागेवर नव्हते. खिशातून टेस्टर काढला आणि माइकच्या जाळीवर ठेवला, जिथं गाणारा ओठ नेतो तिथं.

टेस्टरच्या पोटातला लाल दिवा लागला.

बायको दाराशी उभी होती, हात ओले, पाय अनवाणी. ती म्हणाली, "मी सांगत होते ह्यांना. भाऊजी, तो चावतो. मलाच भास होतो म्हणले."

मास्तरांनी बटण बंद केलं, प्लग उपसून हातात घेतला. तीन पिनांच्या जागी दोन. वरची जाड पिन मी कधीच करवतीनं कापलेली.

"ही कुठं गेली?"

"कापली. मंडपवाले सगळेच कापतात. चार मशिनी जोडल्या की त्या पिनीनं घुरघुर येते. कापली की जाते. माझ्या वस्तादानं शिकवलंय."

"मंडपात जाते. घरात तीच घुरघुर आणते. ते जाऊ दे. मशिनीच्या अंगात शिरलेल्या विजेला जमिनीत उतरायची ती वाट आहे, अरे. तू वाट कापलीस. मग ती वहिनींच्या ओठातून, ओल्या पायातून उतरत होती. आज मुंग्या. उद्या आतली एक वायर घसरली असती तर..."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, आधी रागच आला. म्हणलं, "आयुष्य गेलं माझं असंच करण्यात. कोण मेलं आजपर्यंत?"

"जो गेला, तो तुझ्याकडं तक्रार घेऊन येणार होता का?"

आणि त्यांनी तो वळलेल्या बोटांचा हात माझ्यासमोर धरला. "विंचू नाही रे. मिक्सर. मीच कापली होती पिन, कार्यक्रम उशिरा सुरू व्हायला नको म्हणून. सरळ हातानं धरला. विजेनं मूठ वळते, सुटत नाही. कुणीतरी लाकडी खुर्ची मारून मला पाडलं म्हणून फक्त दोन बोटांवर निभावलं. उलटा हात लावला तर झटक्यानं मूठ मागं येते, पकड बसत नाही. मी पूजा करत नाही. मी विचारतो, आत येऊ का?"

मी खाली बसलो. मास्तरांच्या हातातला तो प्लग घेतला. ओल्या फरशीवर तिचे पाय डोळ्यापुढं आले. दोन दिवस मी तिला उभी केली होती. 'अजून जवळ जा माइकच्या' असं मीच म्हणलं होतं. मग वर बघितलं तर ती समोर उभी, पदराला हात पुसतीय, जशीच्या तशी. असं हलकं वाटलं की काय सांगू. आणि ती मेली मजेत म्हणते, "बरं झालं मी नखरेल हाय ते."

मास्तर तेवढ्यात भिंतीतल्या सॉकेटात डोकावत होते. "तिसऱ्या भोकामागं काहीच नाही. नुसतं भोक. तुझ्या घराला जमिनीची वाटच नाही. कुदळ आण."

पुढं चार दिवस माझ्याच अंगणात मी गडी आणि ते मुकादम. खड्डा माझ्या छातीएवढा. त्यात तांब्याची पट्टी, वर मिठाचा थर, कोळशाचा थर, पुन्हा मीठ, पुन्हा कोळसा. मी दमलो की वरून आवाज, "अजून हातभर. जमीन ओली लागली पाहिजे." शेजारी विचारायचे, काय पुरताय? बायको सांगायची, "ह्यांचा ताठा." पट्टीची तार घरातल्या सॉकेटाच्या तिसऱ्या भोकाशी जोडली, खड्डा बुजवला, वर पाणी ओतायला पाइपाचं तोंड ठेवलं. मास्तर बायकोला म्हणाले, "वहिनी, तुळशीला घालता तसं ह्यांनाही रोज तांब्याभर पाणी. कोरडे पडले की काम करत नाहीत." खड्ड्यालासुद्धा अहो!

मग जालना. मी म्हणलं, मास्तर, तुम्ही एकटे जाऊन या, मी त्याला नको नको ते बोललोय. ते म्हणाले, "मग तर तूच चल." पाइपवाल्यानं मला बघताच म्हणलं, "या काका. घुरघुरतो ना आमचा?" मी मिक्सरवरची चादर काढायला लागलो. मास्तरांनी मिक्सर भिंतीतल्या सॉकेटावर लावला, उलटा हात टेकवला, सगळं वर नेलं. भरदुपारच्या विहिरीत वाकून बघावं तसं शांत. पार लांब, पाण्याची सळसळ असावी तेवढी. त्यांनी हेडफोन काढून माझ्या कानाला लावले. म्हणाले, "ऐक. ह्यांना म्हणतात घरंदाज."

मग पाइपवाल्याकडं वळून, "चहा आण रे."

त्यांना परक्याच्या घरी चहा पिताना मी पहिल्यांदा बघितलं. दोन कप प्याले.

टेम्पोत मिक्सर चादरीसकट बांधला आणि आम्ही पुढं बसलो. बदनापूर मागं पडल्यावर मी म्हणलं, "मास्तर, एक सांगायचं राहिलंय. त्या हळदीतला एक भोंगा खरंच उलटा होता."

ते बाहेर बघत म्हणाले, "माहीत आहे. परत येताना त्याच रस्त्यानं आलो होतो. भांडण मिटलेलं ऐकू आलं."

"मग बोलला का नाय इतकी वर्षं?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो. बराच वेळ घेतलास रे."

मिक्सर मागच्या खोलीत बसला. कुठलं बटण कशाचं हे माझ्या ध्यानात राहावं म्हणून बायकोनं तिच्या टिकल्या चिकटवून दिल्या. लाल टिकली जाड आवाजाची, हिरवी बारीक आवाजाची, मोठी चंद्रकोर असलेली टिकली तिच्या माइकची. मास्तर म्हणाले, "आता ह्या सवाष्ण दिसतात." बोर्डाला मी नवा प्लग लावला, तिन्ही पिनांचा. त्यांनी तो तीनदा तपासला. मी रागावलो नाय. चौथ्यांदा मीच तपासला.

सगळं चालू केलं, गप्प ऐकलं, तिला बोलावलं. ती आली ती मास्तरांसारखी, पायात रबरी चप्पल घालून. स्वतःच्या पुसलेल्या फरशीवर! माइकसमोर उभी राहिली, उजवा हात उलटा केला, बांगड्या मागं सारल्या आणि बोटांची पाठ हलकेच जाळीला लावली. माझा हात बोर्डाच्या बटणावर. मास्तरांचाही तिथंच.

"नाय चावत," ती म्हणाली, आणि हळदीचं पहिलं गाणं सुरू केलं.

मास्तर आता पुण्याला लेकीकडं राहतात. कान कमी झालेत, असं लेक सांगते. त्यांनी मात्र ते कधी कबूल केलेलं नाय. दर रविवारी त्यांचा फोन येतो. माझी तब्येत विचारत नाहीत. पहिला सवाल, "पाणी घातलं का त्यांना?" मी म्हणतो, घातलं, सकाळीच. मग विचारतात, "आणि आतल्या? गप्प आहेत ना?"

मी फोन मागच्या खोलीच्या दाराशी नेतो. आतून बायकोचा आवाज येत असतो. आता शेजारच्या दोघी-तिघी पण येऊन बसतात, गाणी उतरवून घ्यायला.

"मास्तर, मशीन गप्प हाय," मी म्हणतो. "बायको गाती."

"असंच पाहिजे," ते म्हणतात आणि फोन ठेवून देतात.